उभ्या गाडीची सुई

गाडी दुकानात आली की आमच्या धंद्यातला माणूस पहिली आरोळी ठोकतो ती एकच : "रेस दे!" ड्रायव्हर पाय दाबतो, इंजिन गुरगुरतं, डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरची सुई टुणकन उजवीकडे जाते आणि जमलेले सगळे समाधानानं माना डोलावतात. सुई उजवीकडे गेली म्हणजे डायनमो बॅटरी भरतो आहे. डावीकडे पडली म्हणजे बॅटरी रिकामी होते आहे. एवढं कळलं की आमचा निम्मा धंदा कळला. उरलेला निम्मा शिकवताना माझ्याच बापाच्या जीपनं माझा जीव मेटाकुटीला आणला.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीत बडनेरा रोडला माझं मोटारींच्या विजेच्या कामाचं लहानसं दुकान होतं. आईबाप अकोल्याला राहायचे. आठवडाभर लोकांच्या गाड्यांखाली उताणं पडून रविवारी जरा पाठ टेकावी म्हटलं, की दुकानासमोर बाबांची जीप येऊन उभी राहायची. वर दोन भोंगे, मागे फळीवर अ‍ॅम्प्लिफायर, आणि पुढे बाबा, डोक्याला उपरणं गुंडाळलेले. उतरायच्या आधीच सुरू व्हायचे.

"पाय बरं बापू, हे काही बॅटरी भरून नाई राहिली."

मी पाहायचो. दर वेळी सगळं ठीकठाक असायचं. बाबा "बरं" म्हणून जायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा दारात. आमच्याकडे म्हणतात तसं, मुसळाला अंकुर फुटेल पण या जीपचा डायनमो काही वळणावर येणार नाही, असं मला वाटायला लागलं होतं.

ही जीप म्हणजे बाबांच्या म्हातारपणाची पोटाची सोय होती. तीसेक वर्षं ते अकोल्यातल्या एका जिनिंग मालकाची मोटार चालवत होते. ती नोकरी सुटल्यावर त्यांनी लष्कराच्या मोडीतली जीप घेतली, तिच्यावर भोंगे चढवले आणि सिनेमाची जाहिरात, बियाण्याची जाहिरात, असं मिळेल ते करत मूर्तिजापूरपासून हिवरखेडपर्यंत फिरू लागले. त्या धंद्यात जीप धावायची, अधूनमधून थांबून दोन घोषणा करायची आणि पुन्हा धावायची. तिथं बॅटरीची कधी तक्रार आली नाही.

तक्रार जयंतीच्या मिरवणुकीची होती. आमच्या लोकांनी धम्म घेतल्यापासून एप्रिलातली जयंतीची मिरवणूक अकोल्यात मोठी व्हायला लागली होती, आणि वस्तीच्या मिरवणुकीत पुढची गाडी बाबांची. बोनेटवर तसबीर दोरीनं घट्ट बांधलेली, तिला हार. मागे लेझीम, त्यामागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया. दर चौकात मिरवणूक थांबायची, तसबिरीला हार पडायचे, आणि तेवढ्या वेळात जीपच्या मागच्या फळीवर बसून माझी आई माइकवर गाणं म्हणायची.

आईचा आवाज हे आमच्या घरातलं एकुलतं एक वैभव होतं. बाकी सगळं मोडकंतोडकं. ती बाबांच्याच मालकाच्या जिनात कामाला होती. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की बाया कापूस रेच्यांत, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांत टाकायच्या, आणि सगळ्या शेडमध्ये धुक्यासारखी कापसाची धूळ तरंगायची. नाकाला पदर बांधून ती वर्षानुवर्षं त्या धुळीत उभी राहिली. ती धूळ पदरातून आत गेलीच. पन्नाशी यायच्या आत तिला दमा लागला. पूर्वी ती जात्यावर गायची तर तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. आता तिचा आवाज समोरच्या ओट्यापर्यंतही धड पोचत नसे. पण गोडवा तसाच होता. माइक तोंडाशी धरला की तोच आवाज अख्ख्या चौकावर पसरायचा. तिला माइकची हौस नव्हती, तिला त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मागल्या जयंतीला काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या चौकात आईनं गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या आणि भोंग्यांतून आधी घरघर आली, मग नुसतंच हुंकारल्यासारखं काहीतरी, आणि मग काहीच नाही. बॅटरी बसली होती. आईला लगेच कळलं नाही. ती तशीच गात राहिली, मग आपला आवाज आपल्यालाच बारीक ऐकू येतोय हे ध्यानात आल्यावर तिनं जोर लावला, आणि जोर लावल्याबरोबर खोकला उठला. ती वाकून खोकत होती. कुणी पाणी दिलं. मागच्या बाजूला काही पोरं हसली, आईला नाही, मुक्या झालेल्या भोंग्यांना हसली असतील, पण हसली. मला त्या क्षणी कुणाच्या तरी कानफटात मारावीशी वाटली.

त्या दिवसापासून आई घरात गुणगुणायचीसुद्धा बंद झाली. चूल पेटवताना, भाकरी थापताना, तिच्या ओठांवर सतत काहीतरी असायचं, तेच गेलं. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "अवो, म्या आता नाई म्हनत. दुसरी कोनी पोरगी पाहा." बाबांनी मोडीच्या बाजारातून एका लष्करी ट्रकचा भलामोठा डायनमो आणला आणि जीपला बसवून घेतला. जुन्याच्या दुप्पट वीज देणारा. मग आईला सांगितलं, "आता तू रातभर म्हन. बंद पडली तर नाव बदलीन." आईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बाबांनी ते हो धरलं.

आणि तरीही एखाद्या लग्नाच्या वरातीत जीप हळू चालवली की बॅटरी बसायचीच. म्हणून दर रविवारी माझ्या दारात.

मी काय करायचं बाकी ठेवलं? पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, ताठ होता. कार्बन बदलले. कम्युटेटर काचकागदानं घासून आरशासारखा केला. कट-आउटचे पॉइंट साफ केले. बॅटरीचं पाणी पाहिलं, तिची अर्थिंगची तार सोडून, गंज खरवडून पुन्हा आवळली. आणि प्रत्येक वेळी शेवटी ओरडलो, "बाबा, रेस द्या!" बाबा रेस द्यायचे. सुई उजवीकडे अशी लोळायची की मला डायनमोचा अभिमान वाटावा.

"जमलं," मी म्हणायचो.

"जमलं," बाबा म्हणायचे.

दोघंही एकाच खड्ड्यात पडत होतो. मोटारीच्या धंद्यात सगळ्यांचीच ती सवय, आणि आम्ही तर बापलेक, दोघंही त्याच धंद्यातले. उभ्या गाडीला पाय दाबूनच तपासायचं हे आमच्या हाडात होतं. मिरवणुकीत पाय कुणी दाबत नाही हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी वैतागून मी एका वरातीत जीपच्या बाजूनं पायी चाललो. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाजंत्री पुढे, जीप मागे, मी बाहेरून डोकं आत घालून सुईकडे पाहत. गाडी हलत होती तोवर सुई मधोमध कशीबशी तग धरून होती. वरात थांबली, बाबांनी गिअर काढला, इंजिन हळू झालं, आणि सुई निमूटपणे डावीकडे पडली. पडली ती पडलीच. भोंगे वाजत होते, सगळी वीज एकट्या बॅटरीतून जात होती. वरात पुन्हा हलली तेव्हा सुई उठली. पुढच्या थांब्याला पुन्हा आडवी.

मला हसूही आलं आणि रडूही. कशातच बिघाड नव्हता. बाबांच्या जीपचं इंजिन उभ्या जागी इतकं सावकाश चालायचं की तो ट्रकचा मोठा डायनमो, त्याच्या मोठ्या पुलीवर, तेवढ्या फेऱ्यांत जागाच होत नव्हता. आणि आईचं गाणं तर चौकातच असायचं, गाडी उभी असतानाच. मी बाबांना म्हटलं, "तुमी मोट मोठी आणली, पन बैल उभे आहेत. पानी कुठून येईन?"

पुली लहान केली तर डायनमो जास्त फिरेल, हा पहिला उपाय. मी लेथवाल्याकडून लहान पुली करून घेतली, बसवली, आणि स्वतः बाबांबरोबर अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या फाटकाशी गाडी थांबली. शकुंतला, आमच्याकडची छोट्या रुळांची आगगाडी, नेहमीच्या थाटात, कुणाचीही घाई नसल्यासारखी चालली होती. इंजिन हळू चालत होतं आणि सुई मधोमधच्या उजवीकडे होती. मी बाबांच्या मांडीवर थाप मारली. बाबा पोरासारखे हसले. फाटक उघडलं, पुढे मोकळा रस्ता, बाबांनी खुशीत गाडी पळवली. पाचदहा मिनिटांत बोनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज, मग जळका वास. लहान पुलीमुळे डायनमो सुसाट फिरला आणि आतल्या तारा उखडून बाहेर आल्या. लिंबाच्या सावलीला गाडी उभी करून आम्ही डायनमोच्या तारा सोडवल्या. नशीब दिवस होता, दिव्यांची गरज नव्हती, तेव्हा उरल्यासुरल्या बॅटरीवर कसंबसं अकोला गाठलं.

डायनमो पुन्हा भरून घेतला, मोठी पुली परत बसवली. लहान पुली ठेवायची तर बाबांनी जन्मभर बैलगाडीच्या चालीनं जायला हवं होतं, आणि त्यांचं पोट तर धावण्यावर होतं. जयंती तोंडावर आली होती. आता एकच उपाय उरला : कार्ब्युरेटरचा स्क्रू जरासा फिरवून उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग वाढवायचा. दोन मिनिटांचं काम. जयंतीच्या दिवशी मी सकाळीच अकोल्याला पोचलो आणि पेचकस हातात घेऊन बोनेटपाशी गेलो.

"तो स्क्रू नाई," बाबा म्हणाले.

"बाबा, दुसरा इलाजच नाही."

"माह्या गाडीचा स्क्रू मी लावला हाये. कोनी हात नाई लावायचा."

मला ठाऊक होतं हे काय आहे. बाबांची साऱ्या ड्रायव्हरांत एकच ख्याती होती : त्यांची उभी गाडी चालू आहे की बंद, ते बाहेरच्याला कळत नसे. बोनेटवर पाण्यानं भरलेला गिलास ठेवायचे, थेंब सांडत नसे. जिनिंग मालक दौऱ्यावर निघाले की मागच्या सीटवर झोपायचे. फाटकाला, नाक्याला गाडी थांबली तरी त्यांची झोप मोडता कामा नये. ती झोप सांभाळता सांभाळता बाबांचा हात तयार झाला होता. हातानं रेस वाढवायची जी बटणाची तार जीपला असते, तीसुद्धा त्यांनी कधीच काढून टाकली होती. असली धसमुसळी सोय त्यांच्या गाडीत नको होती. शिवाय ते म्हणाले, तसबीर पुढे आहे, मागे बाया चालतात, इंजिन भडकवून त्यांच्या तोंडावर धूर सोडायचा काय? आणि ते खोटं नव्हतं. पण खरं कारण गिलासाचंच होतं.

मी थकलो होतो. कितीतरी रविवार, पाठदुखी, तो जळलेला डायनमो, सगळं एकदम डोक्यात चढलं. बोललो ते आजही बोलेन.

"बाबा, मांगच्या सीटवर आता शेठ नाही बसला. माय बसते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या फडक्यानं काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती. तेवढ्यात वस्तीतली माणसं तसबीर घेऊन आली, बोनेटवर ठेवली, दोऱ्या आवळल्या. आता बोनेट मिरवणूक संपेपर्यंत उघडणार नव्हतं. स्क्रू आत, मी बाहेर. मी पेचकस खिशात टाकला आणि मनात म्हटलं, जाऊ दे, बापाची गाडी, बापाची बायको, आपण कोण.

पण ती माझी आई होती, त्यामुळे जाऊ देता आलं नाही. मी जीपच्या बाजूनं चालत राहिलो.

ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. आई फळीवर बसली होती, पांढरी साडी, मांडीवर माइक. दुसऱ्या कुणाला गायला बसवा असं तिनं सकाळपर्यंत सांगून पाहिलं होतं. बाबांनी ऐकलं नव्हतं. पहिल्या चौकात ती बेतानं गायली, एक कडवं, आणि थांबली. दुसऱ्यात दीड. सुई दोन्ही वेळा डावीकडे आडवी झालेली मी पाहिली. बाबांनीही पाहिली, पण मान सरळ ठेवली.

तिसरा चौक तोच. गर्दीही तेवढीच. बाबांनी गिअर काढला. इंजिन नेहमीसारखं खाली आलं, चालू आहे की बंद ते कळू नये इतकं. आईनं माइक तोंडाशी नेला आणि गायला लागायच्या आधी पुढे बघितलं, बाबांच्या पाठीकडे. विचारल्यासारखं. मग तिनं पहिली ओळ घेतली. दुसरी ओळ घेतली. भोंगे जरासे घोगरे झाले.

आणि इंजिनचा आवाज चढला.

बाबांनी पाय दाबला होता. अख्ख्या जन्मात त्यांनी उभ्या गाडीला तपासणीशिवाय कधी रेस दिली नव्हती. जीप थरथरायला लागली, तसबिरीचे हार हलायला लागले, धूर मागे गेला तशी पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावले. दोनचार म्हातारे ओरडले, "अरे, बंद कर ना ते! गानं ऐकू दे!" बाबांनी ऐकलं नाही. त्यांची नजर रस्त्यावर नव्हती, लोकांवर नव्हती, फक्त सुईवर होती. पायानं तोलून त्यांनी ती मधोमध आणली आणि तिथंच धरली. जास्तही नाही, कमीही नाही. हात तयार होता तसा पायही तयार होता, आणि त्या दिवशी तो आईच्या कामाला आला.

भोंगे मोकळे झाले. आई गात राहिली. दम घ्यायला थांबायची, पुन्हा घ्यायची, आणि तिचा तो बारीक झालेला आवाज इंजिनाच्या वरून सगळ्या चौकावर गेला. ओरडणारे म्हातारे गप्प झाले. पूर्ण गाणं झालं. मग चौथा चौक, पाचवा, शेवटचा. प्रत्येक ठिकाणी बाबांचा पाय दाबलेला. शेवटच्या चौकात त्यांची मांडी थडथड उडत होती, ती त्यांनी हातानं दाबून धरली होती. मी म्हटलं, "मी बसतो." ते म्हणाले, "तुले जमणार नाई." आणि खरंच जमलं नसतं.

घरी आल्यावर आई पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमची गाडी लय बोंबलून राहिली होती आज."

"हो," बाबा म्हणाले. "बोंबलू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढे गुणगुणत होती. मी अंगणात आलो तर बाबा बोनेट उघडून उभे. पेचकस माझ्याच खिशातला काढून नेलेला. त्यांनी स्क्रू फिरवला, सुईकडे पाहिलं, आणखी जरासा फिरवला. "पुढच्या साली पायाचा भरवसा नाई," म्हणाले. त्यानंतर ती जीप उभ्या जागी धडधडू लागली. गिलास ठेवायची सोय राहिली नाही. इतर ड्रायव्हर चेष्टा करायचे, म्हाताऱ्याची गाडी म्हातारी झाली म्हणायचे. बाबा हसून सोडून द्यायचे.

पुढच्या जयंतीला आई नव्हती. त्या पावसाळ्यातच दमा वाढला आणि ती गेली. मला त्याबद्दल फार लिहिता येत नाही. मिरवणुकीत वस्तीतल्या एका मुलीनं गाणी म्हटली. तिचा आवाज खणखणीत होता, माइक नसता तरी चाललं असतं.

मिरवणूक झाल्यावर काही दिवसांनी बाबा अमरावतीला आले. जीप दुकानासमोर उभी, धडधड करत, समोरच्या चहावाल्याच्या कपबशा वाजवत. पेट्रोल वाया जात होतं, इंजिन झिजत होतं, आणि मला आता त्या आवाजाचा उबग आला होता. बाबाही किती थकले होते ते उतरताना दिसलं. मी बोनेट उघडलं आणि पेचकस स्क्रूला लावला. म्हटलं, आता कशाला वाढवून ठेवायचं, पूर्वीसारखी हळू करून देतो. म्हाताऱ्याला बरं वाटेल.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, बापू," म्हणाले. "शेठ झोपत होता म्हणून हळू केली होती. तुही माय गात होती म्हणून वाढवली. आता मांगं कोनीच नाई. कोनासाठी हळू करतो?"

मी पेचकस काढून घेतला आणि बोनेट लावलं.